दहा वेळा वाकडं

साहेबाचा बदला घ्यायचा, हे म्या एका जाकिटापायी ठरवलं.

तेलगावच्या रोडला आमचं वर्कशॉप हाय. उसाच्या ट्रॉल्या आन टायरगाड्या बनवतो आमी. टायरगाडी म्हंजी ऊसतोडीवाले बैलं जुपून फडातून ऊस आणत्यात ती. तिथं म्या बावीस वर्षं वेल्डिंग करतोय. शाळेत दोन पावसाळे गेलतो. गुरुजी बापाला म्हणले, ह्याला पाटी नका देऊ, दुसऱ्याच्या डोक्यात घालतो. सही तेवढी येती, तीबी वेल्डिंगवानी, एका जागी सुरू केली की शेवटापर्यंत हात उचलायचा न्हाई. उचलला की मला पुन्हा सापडत न्हाई कुठं व्हतो ते. हे जे तुमी वाचताय तेबी म्या मोबाईलात बोललोय, लिव्हलंय मोबाईलनं.

पन वर्कशॉपात मला सगळे मिस्त्री म्हणायचे. गावातबी. ग्रामपंचायतीचा शिपाई दारात आला तरी "मिस्त्री हायेत का" म्हणायचा. घरची चार बायकांत बसली की "आमच्या मिस्त्रींना वांगं चालत न्हाई" असं सांगायची. वांगं मला चालतंय, पन मिस्त्री म्हणती म्हणून म्या वांगं सोडलं.

साहेब आला शहरातून, मॅनेजर म्हणून. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, वेल्डिंगच्या वर्कशॉपात. पहिल्याच दिवशी त्यानं एकेकाला इचारलं, "तुमचं शिक्षण?"

म्या म्हणलं, "साहेब, सुरू झालं व्हतं, तेवढ्यात सुट्टी लागली."

चाळीस माणसं हसली. साहेब हसला न्हाई. त्यानं कागदावर काईतरी लिव्हलं. जो माणूस माझ्या बोलण्याला हसत न्हाई त्याच्याशी माझं जमत न्हाई. घरीबी त्याच्यामुळंच अधूनमधून वांधा व्हतो.

मग रोबोट आला.

म्या समजलो व्हतो की माणसावानी आसंल, दोन पाय, डोकं, डोळ्यात लाल दिवे. आला निस्ता हात. खांदा, कोपर, मनगट, आन पंजाच्या जागी वेल्डिंगची गन. गनच्या वर कॅमेऱ्याचा एक डोळा. लोखंडी बैठकीवर बोल्टानं आवळून बसवला. नारळ म्याच फोडला. हळदकुंकू लावलं. साहेबानं त्या हातावर निळ्या रंगानं काईतरी लिहून घेतलं व्हतं, आन त्याच्यावर हार घातला व्हता. हार बाजूला केला तर अक्षरं दिसली. मला वाचता येत न्हाई म्हणून म्या शेजारच्याला इचारलं, "कंपनीचं नाव हाय का?"

शेजारचा खाली बघून म्हणला, "मिस्त्री लिव्हलंय."

तेवढ्यात साहेबानं पिशवीतून पिवळं जाकीट काढलं. पाठीवर मोठी अक्षरं. ती मला वाचून दाखवायची गरज पडली न्हाई, साहेबानंच मोठ्यानं वाचली.

"हेल्पर. आजपासून मिस्त्री हा, आणि तुम्ही ह्याचे हेल्पर. घाला बघू."

चाळीस माणसं हसली. बावीस वर्षं त्यांना म्या हसवलं. एकाला बायको सोडून गेली व्हती, त्यालाबी म्या हसवलंय. आन ती माणसं माझ्यावर, दुसऱ्याच्या बोलण्याला हसली. म्या काय केलं आसंल? मीबी हसलो. सगळ्यात मोठ्यानं. जाकीट घातलं आन गोल फिरून दाखवलं, पुढून, मागून. कुणीतरी शिट्टी मारली तर आणखी एकदा फिरलो.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर टपरीवाला म्हणला, "काय हेल्पर, अर्धा का फुल?" आठ दिवसांत ते नाव गावभर झालं. घरी गेलो तर घरची म्हणली, "दूधवाला इचारत व्हता, हेल्परच्या घरी आज किती घालू." ती हसत हसत सांगत व्हती, मग मधीच हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी तिनं जाकीट धुतलं आन रस्त्याकडच्या तारेवर वाळत घातलं.

म्या म्हणलं, "आतल्या दोरीवर टाक की."

"आत ऊन येत न्हाई."

"ओलं घालतो, पन आत टाक."

तिनं आत टाकलं न्हाई. अख्ख्या आळीनं ते वाचलं. ज्याला वाचता येत न्हाई त्याला दुसऱ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवशी म्या ठरवलं, ह्या माणसाला चार लोकांत खाली पाडायचं. जसं मला पाडलं तसंच, तिथंच, त्याच चाळीस माणसांपुढं.

कसं पाडायचं ते कळंना. हाणामारी मला जमत न्हाई. एकदा केलती, तेव्हा म्याच खाली व्हतो. म्हणून तलवाड्याला चाचाकडं गेलो. चाचा माझा उस्ताद. बाजारात त्याचं टिनाचं दुकान हाय, गेटं, खिडक्या, पाळणे बनवतो. वेल्डिंग मला त्यानंच शिकवलं. म्या गेलो तेव्हा तो एका गेटाचा बिजागर जोडत व्हता. जोडला, डोळ्यापुढची काळी काच खाली ठेवली, दोन बोटं गरम लोखंडाला लावली आन कपाळाला लावली. "या उस्ताद," म्हणला, त्याच्या उस्तादाच्या नावानं. बोटांची कातडी कधीच मेलीय, त्याला भाजत न्हाई. दर जोडाला असंच करतो. म्या ते इतक्यांदा बघितलंय की मला दिसतबी न्हाई आता.

म्या सगळं सांगितलं. चाचा म्हणला, "कावून रडतो बे? जाकीट गरम हाय का?"

"हाय."

"मग थंडीत घाल."

"चाचा, मस्करी नका करू. मला त्याला पाडायचाय."

"तुला काय काय येतं?"

म्या लई इचार केला. "वेल्डिंग."

"मग दुसरं कशाला इचारतो? त्याच्यातच काई बघ."

येताना एसटीत म्या इचार करत आलो, आन घरी पोचेस्तवर माझं सगळं जमलं. म्हंजी मला तसं वाटलं.

त्याचं असं व्हतं. त्या रोबोटला वेल्डिंग येत नव्हतं. त्याला शिकवायला लागतं. कॉम्प्युटरवरची कामं बघायला एक ताई व्हती, नांदूरघाटची, डिप्लोमा झालेली. तिचा आजा दुसऱ्याच्या शेतात राबला आन ही पोरगी त्या लोखंडाच्या हाताला बोटावर नाचवती. भीमजयंतीला भाषण करती, माईक नसला तरी मागच्या माणसाला ऐकू जातं. तिनं मला समजावून सांगितलं.

"काका, आधीच्या रोबोटांना एकेक पायरी लिहून द्यावी लागायची. इथून तिथं जा, एवढं वळ, थांब. आता नवीन आलेत त्यांना लिहायचं न्हाई. त्याचा हात तुमी हातात धरायचा आन काम करून दाखवायचं. आर्क लावायचा न्हाई, ठिणगी पाडायची न्हाई, निस्ता हात फिरवायचा. तो ध्यानात ठेवतो."

"एकदा दाखवलं की झालं?"

"दहा वेळा दाखवा. माणूस दर वेळी थोडं येगळं करतो. तो दहाचा मेळ घालतो आन आपलं ठरवतो."

"आन मला लागला तर?"

"न्हाई लागत. कशाला टेकला की त्याला कळतं. जोर करत न्हाई, तिथंच थांबतो." असं म्हणून तिनं आपला तळहात त्याच्यापुढं धरला. हात आला, तळहाताला टेकला आन थांबला. गाईच्या वासरावानी.

म्या म्हणलं, आमच्या साहेबापरीस हा बरा हाय.

साहेबाचा बेत असा व्हता की आठ दिवसांनी बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचे पाहुणे येणार. त्यांच्यापुढं रोबोटनं ट्रॉलीच्या दांडीचे चार जोड मारून दाखवायचे. ते खूश झाले की पुढच्या सीझनच्या सगळ्या ट्रॉल्या आमच्याकडं. साहेबाचं वर मोठं नाव. आन पाहुण्यांपुढं मशीन चुकलं की साहेब चुकला. एवढं तर शाळेत न गेलेल्यालाबी कळतं.

साहेब मला म्हणला, "हेल्पर, ह्याचा हात धरा आणि दाखवा." आन तो केबिनीत गेला, एसीत.

म्या त्याचा हात धरला. पहिल्या जोडाला जोडावरनं जायचं सोडून एक बोट डावीकडनं गेलो. काय सुख झालं म्हणून सांगू. बावीस वर्षांत म्या पहिल्यांदा जाणूनबुजून वाकडं केलं. दुसऱ्यांदा पुन्हा डावीकडनंच जायचं तर मजा येईना, म्हणून उजवीकडनं गेलो. तिसऱ्यांदा बैल मुतल्यावानी नागमोडी. चौथ्यांदा आणखी डावीकडं, पाचव्यांदा आणखी उजवीकडं. एकसारखं वाकडं करायला माझं मन तयारच व्हईना. दर वेळी नवीन काईतरी सुचायचं. मला वाटत व्हतं की जितक्या तऱ्हा करू तितका साहेब खोल जाईल. दहाबी वेळा जीव लावून वाकडं केलं. कामात एवढा जीव म्या कधी लावला नव्हता, आन ते कुणी बघाया नव्हतं.

ताई व्हती, पन ती टॅबवर बघत व्हती.

"काका, आज हात लई हालतोय."

"वय झालं, ताई."

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "आन प्रत्येक जोड झाला की शेवटी तुमी ते करता, ते काढू का राहू देऊ?"

ते म्हंजी काय, हे म्या इचारलंच न्हाई. मला वाटलं माझा वाकडेपणा हिनं पकडला. घाईघाईत म्हणलं, "सगळं राहू द्या. काई म्हंजी काई काढू नका."

"बरं," म्हणली. मग म्हणली, "शिकवणाऱ्याचं नाव टाकायचंय."

इथं म्या माझ्या अकलेनं कडी केली. "साहेबांचं टाका."

"शिकवलं तर तुमी."

"मी हेल्पर हाय, ताई. म्या निस्ता हात धरला."

"काका, तुमचं टाका. कामाला येईल कधीतरी."

"साहेबांचंच टाका," म्या म्हणलं. तिनं टाकलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक व्हतं. पन मशीन चुकल्यावर साहेबानं "हेल्परनं शिकवलं" म्हणून माझ्यावर ढकलू नये, म्हणून म्या आठ दिवस गावभर पेरणी केली. टपरीवर सांगितलं, न्हाव्याकडं सांगितलं, स्टोअरवाल्याला सांगितलं, वॉचमनला दोनदा सांगितलं. "सगळं साहेबांनी शिकवलं बरं का. माझा काई संबंध न्हाई." शेवटी साहेबालाच जाऊन सांगितलं, चार माणसांपुढं.

"साहेब, पाहुणे आले की तुमीच शिकवलं म्हणून सांगा. माझ्यासारख्या अडाण्याचं नाव बरं दिसत न्हाई."

साहेबानं माझ्या पाठीवर थाप मारली, बरोबर त्या अक्षरांवर. "समजूतदार आहात."

म्या मनात म्हणलं, मार थाप. पाहुणे येईपर्यंत मारून घे.

तो दिवस आला. सकाळी म्या जाकीट इस्त्री करून घातलं. घरची म्हणली, "आज काय लग्न हाय का?" म्या म्हणलं, "तेरावं हाय, साहेबाचं." टपरीवाल्याला टपरी आन न्हाव्याला दुकान बंद करून बोलावलं. चाळीसच्या चाळीस माणसांना सांगितलं, हातातलं काम ठेवा आन बघाया या, आज मजा हाय. मला एकबी साक्षीदार कमी नको व्हता.

पाहुणे सहा आले. त्यात एक म्हातारे, धोतर, पांढऱ्या मिशा, हातात काठी. त्यांना सगळे दादा म्हणत व्हते. तरणेपणी त्यांनी स्वता गाडी हाकलेली, तसं ते आल्या आल्या म्हणले आन एका ट्रॉलीच्या दांडीला काठीनं ठोकून बघितलं. साहेब नव्या पांढऱ्या शर्टात. फोटोवाला बोलावलेला. फोटोत मशीन आन आपण दोघं यावं म्हणून साहेब रोबोटच्या शेजारी उभा राहिला, नेमका जिथं उभा राहून म्या शिकवलं व्हतं तिथं. सगळ्यांना काळ्या काचा वाटल्या. ताईनं बटण दाबलं.

हात खाली आला. आर्क लागला. म्या काचेतून बघतोय, आता जाईल डावीकडं. जाईना. म्हणलं, उजवीकडं जाईल. जाईना. सरळ निघाला. जोडाच्या बरोबर मधून, सावकाश, शेवटपर्यंत. शेवटाला जरासा मागं फिरला, तिथं पडतो तो खड्डा भरला आन मग उचलला. शेवटाला मागं फिरायची ती लकब माझी हाय. आमच्याकडं दुसरा कुणी तसं करत न्हाई. शिवण माशाच्या खवल्यावानी एकसारखी पडली. बावीस वर्षांत इतकं चांगलं म्याबी कधी मारलं नसंल.

म्या ताईच्या कानाशी गेलो. "ताई, हे सरळ कसं आलं?"

तिनं टॅबवरनं मान वर केली न्हाई. "काका, तुमी जितक्यांदा डावीकडं गेला तितक्यांदाच उजवीकडं. मेळ घातला की मधोमध आलं. उरलंसुरलं त्या कॅमेऱ्यानं सांधा बघून नीट केलं."

"आन दहाबी वेळा एकाच बाजूला गेलो असतो तर?"

"तर म्या सगळं पुसलं असतं. मला कळत न्हाई व्हय?"

म्या मागं सरकलो. पन तेवढ्यात लोकांत गलका झाला. जोड मारून झाल्यावर हात आपल्या जागी गेलाच न्हाई. तो वर यायला लागला. सावकाश, अदबीनं. मला काई उमजंना. मग एकदम उमजलं, आन माझा हात आपोआप माझ्या कपाळाला गेला.

चाचाची सवय. जोडाला हात लावायचा, कपाळाला लावायचा, या उस्ताद. तीच माझ्याबी हाताला लागलेली. मशीनचा हात हातात धरून म्या दहाबी वेळा तसं केलं व्हतं, आन मला पत्ताच न्हाई. डावं, उजवं, नागमोडी, सगळं येगळं येगळं केलं, ते मेळ घालताना गेलं. शेवटाची ती लकब आन हे, एवढंच दहाबी वेळा एकसारखं केलं व्हतं, तेवढं राहिलं.

पन कपाळ माझं. आन माझी उंची तुमाला ठाऊक न्हाई. घरचीच्या खांद्याला लागतो म्या. माझं कपाळ जिथं येतं तिथं साहेबाचा शर्टाचा खिसा येतो.

गनचं तोंड साहेबाच्या खिशाला टेकलं. टेकल्याचं कळलं, थांबलं, जोर केला न्हाई. "या उस्ताद" म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबलं. नुकतंच वेल्डिंग करून आलेलं तोंड ते. नव्या कापडाचा आन पेनाच्या प्लास्टिकचा वास सुटला. साहेबाच्या डोळ्यात पाणी आलं, पन फोटोवाला फोटो काढत व्हता म्हणून त्यानं हसू सोडलं न्हाई. हात परत गेला, दुसरा जोड सरळ मारला, पुन्हा आला. साहेब अर्धं पाऊल सरकला तर फोटोवाला म्हणला, "साहेब, जाग्यावर." पहिल्या भोकाच्या शेजारी दुसरं भोक. तिसऱ्याला साहेब कमरेतून मागं वाकला. चाळीस माणसं हसली. टपरीवाला तर खाली बसला.

तेवढा वेळ, बगा, मला जे पायजे व्हतं ते सगळं मिळालं. मला कुणी इचारलं की तुझ्या जन्मात चांगलं काय झालं, तर म्या तिसऱ्या जोडाचं सांगीन. लग्नाचं नंतर.

मग दादा उठले. काठी बगलेत धरली आन मशीनपुढं हात जोडले.

"अरे, हे नमस्कार करतंय. काम झालं की लोखंडाचा हात कपाळाला लावायला बघतंय. कुणी शिकवलं ह्याला?"

साहेब ताईवर वरडायला तोंड उघडून उभा व्हता. त्या तोंडातनं दुसरंच निघालं. "मीच, दादा." खिशाच्या भोकांवर हात ठेवला. "म्हटलं, यंत्रालाही आपले संस्कार हवेत."

म्या पुढं झालो. "न्हाई न्हाई, दादा, ते तर—"

टपरीवाल्यानं माझं जाकीट मागनं ओढलं. "गप बे हेल्पर. तूच तर सांगितलं साहेबांनी शिकवलं म्हणून." न्हावी म्हणला, "मलाबी सांगितलं." वॉचमन म्हणला, "मला दोनदा." ताईच्या टॅबवर साहेबाचं नाव व्हतंच. पेरलेलं असं उगवलं की एक दाणा वाया गेला न्हाई.

दादा लई खूश. साहेबाला म्हणले, "मशीन एवढं शिकलं तर शिकवणाऱ्याचा हात बघू द्या. एक जोड तुमच्या हातानं मारून दाखवा."

आता माझा देवावर इश्वास बसला. साहेबानं जन्मात वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नव्हता. नको नको म्हणला, पन दादांनी सोडलं न्हाई. कुणीतरी रॉड लावून साधी मशीन चालू करून दिली. साहेबानं काच तोंडापुढं धरली, रॉड टेकवला आन तो चिकटला. नवीन माणसाचा चिकटतोच. मशीन घुमायला लागली. साहेब ओढतोय, रॉड सुटंना, लाल व्हायला लागला. सगळे बघतायत. सहा पाहुणे, चाळीस माणसं, टपरीवाला, न्हावी. ज्या दिवसासाठी म्या झुरत व्हतो तो माझ्यापुढं उभा व्हता, आन मला फक्त हाताची घडी घालून बघत राह्यचं व्हतं. दुसरं काई करायचं नव्हतं.

पन चिकटलेल्या रॉडचा तो घुमणारा आवाज मला ऐकवत न्हाई. लेकरू झोळीतनं पडायला आलं की आपण इचार करत बसत न्हाई, हात जातो. माझा हात गेला. साहेबाच्या हातातनं होल्डर घेतला, मनगटाला एक पीळ दिला, रॉड सोडवला, नवा लावला आन काच न घेता, डोळे बारीक करून जोड मारून टाकला. शेवटाला मागं फिरवून खड्डा भरला. आन लोखंडाला बोटं लावून कपाळाला लावली. तेबी केलं म्या. माझ्या हातानं.

दादा म्हणले, "बघा, ह्यांचा हेल्परबी तसंच करतो."

साहेब म्हणला, "मीच लावलीय सवय सगळ्यांना."

चाचाची सवय, चाचाच्या उस्तादाची सवय, आन लावली कुणी तर ह्यानं. म्या तोंडातनं शब्द काढायला बघितला, पन उघड्या डोळ्यानं आर्क बघितल्यानं डोळ्यांतनं पाणी वाहत व्हतं. दादांना वाटलं, म्या गहिवरलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "असा गुरू मिळायला नशीब लागतं."

संध्याकाळी डोळ्यात वाळू भरल्यावानी झालं. घरचीनं कच्च्या बटाट्याच्या चकत्या डोळ्यावर ठेवल्या आन म्या आडवा पडून तिला सगळं सांगितलं. तिनं मधी एकदाबी टोकलं न्हाई. शेवटी म्हणली, "म्हंजी तुमी त्याला पाडायला गेलता, आन तो आपला आपण पडत व्हता तर त्याला उचलून आलात."

"हात गेला गं."

"हाताला काय सांगता? जाकीट द्या धुवायला."

ट्रॉल्यांचं काम मिळालं. साहेबानं पेढे वाटले. मला केबिनीत बोलावून दोन दिले, हळू आवाजात म्हणला, "तुमच्यामुळं निभावलं." बाहेर येऊन म्हणला न्हाई. ते पेढे मला कडू लागले असं सांगावं वाटतंय, पन लई चांगले व्हते. तिसरा मागितला.

पुढं असं झालं. साहेबाला ते नमस्काराचं काढून टाकायचं व्हतं. दोन शर्ट गेले व्हते त्याचे. पन दादांनी जाईल तिथं सांगितलं, आन दर आठवड्याला कुणी ना कुणी पाहुणे ते बघाया यायला लागले. साहेबानंच शिकवलेलं, त्यालाच काढा म्हणता येईना. तो लांबनंच ताईला म्हणायचा, "थोडं कमी करता येईल का?" ताई म्हणायची, "साहेब, नाव तुमचं हाय, तुमी लेखी द्या, काढते." तो लेखी द्यायचा न्हाई. पाहुण्यांपुढं उभं तर राहावंच लागतं. म्हणून तो आता रोबोटजवळ आला की उजवा हात खिशावर ठेवतो आन खेकड्यावानी आडवा चालतो. चाळीस माणसं तोंड फिरवून हसत्यात. मला तेवढं पुरतं. रोजचं पुरतं.

एक दिवस ताईनं मलाच इचारलं, "काका, खरं तर तुमचं हाय ते. वेळ जातो प्रत्येक जोडाला. काढू का?"

"ठेवा."

"कावून?"

"साहेबाला दुखतंय म्हणून."

ती हसली न्हाई, पन टॅब बंद केला.

मागच्या महिन्यातली गोष्ट. साहेब पाहुणे घेऊन आला, खिशावर हात, आडवा आडवा. म्या बाजूला उभा राहून बघत व्हतो. इतका रमलो व्हतो त्याच्या चालण्यात की आपण कुठं उभं हावोत हे ध्यानात राहिलं न्हाई. मशीननं जोड मारला. हात वर आला. सावकाश, अदबीनं. आन गरम तोंड माझ्या कपाळाच्या बरोबर मधोमध येऊन टेकलं. एक सूतबी इकडं तिकडं न्हाई. टेकल्याचं त्याला कळलं, थांबला, आन "या उस्ताद" एवढा वेळ तिथंच राहिला. मलाबी हालता आलं न्हाई. बावीस वर्षं त्या वेळेला म्या कधी हाललो न्हाई.

गोल डाग पडला, रुपयाच्या नाण्याएवढा. ताई पाण्याची बाटली घेऊन धावत आली. कपाळावर पाणी ओतलं आन म्हणली, "काका, आता तरी काढू का?"

तिकडनं साहेब यायला लागला व्हता, काय झालं बघाया. हात खिशावर.

म्या कपाळावर हात दाबून धरला आन म्हणलं, "ठेवा."